एका वायरीवर तीन ऑफिसं

"हे कोणी केलंय?"

माझ्याच घरात, माझ्याच जिन्यात उभं राहून एका पुण्याच्या इंजिनीअरनं भिंतीकडे बघत हे विचारलं. मी त्याच्या शेजारी पक्कड घेऊन उभा होतो. सगळी उमर मी सुलतान बाजारात वायरमनचं काम केलं. दुकानं, दवाखाने, लग्नाचे हॉल. हा प्रश्न मी दुसऱ्यांच्या कामाबद्दल विचारायचो, आणि विचारताना माझाही आवाज असाच असायचा. माझ्या कामाबद्दल तो कोणी विचारला नव्हता. तो राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही. पण झालं कसं ते सांगताना मी माझी चूक झाकणार नाही. एकदा झाकली, तेवढी पुरे झाली.

घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. खाली मी राहतो. वर तीन खोल्या, तिन्ही ऑफिसांना दिलेल्या. जिना चढलं की पहिली वकीलबाईची. मधली तिकीटवाल्या मियाँसाहेबांची, ते रेल्वेची, विमानाची, उमऱ्याच्या यात्रेला जाणाऱ्यांची तिकिटं काढून देतात. शेवटची फॉर्मवाल्याची. परीक्षांचे, नोकऱ्यांचे फॉर्म लोक त्याच्या कॉम्प्युटरवर येऊन भरतात, म्हणजे दिवसभर अनोळखी माणसांची ये-जा.

वकीलबाई नांदेडकडची, आमच्यातली. आमच्यातली म्हणजे कोणातली हे आमच्या लोकांना सांगावं लागत नाही, आणि बाकीच्यांना न सांगता कळतं. तिचे वडील आणि मी एकाच विहारात एका सतरंजीवर बसायचो. ती काळा कोट घालून पहिल्यांदा माझा जिना चढली तेव्हा मी खालून बघत राहिलो. तिच्या नावाची पाटी मी स्वतः ठोकली, लेव्हल लावून. त्या पाटीखालून मी उगाचच वर-खाली जायचो.

आता वायरीचं. आमच्या गल्लीत मान वर केली तर आभाळ दिसत नाही, केबल दिसतात. खांबाखांबावर गुंडाळ्या लोंबतात. कुठली कोणाची ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ज्या कंपन्या कधीच बंद पडल्या त्यांच्याही लटकतात. मी ठरवलं होतं की माझ्या घरात बाहेरून एकच वायर शिरेल. इंटरनेटची एक लाईन माझ्या नावावर, तीच तिघांना वाटून. तिघांनी तीन कंपन्या आणायच्या आणि त्यांच्या माणसांनी माझ्या भिंतीला तीन भोकं पाडायची, हे मला नक्को होतं.

वकीलबाई तेव्हाच म्हणाली होती, "काका, मी माझी वेगळी लाईन घेते. माझं काम वेगळं आहे."

मी म्हणालो, "काम वेगळं असेल. घर एक आहे."

ती हसून गप्प बसली. तेव्हा तिनं गप्प बसायला नको होतं, आणि मी तिला गप्प बसवायला नको होतं.

माझं डोकं कसं चाललं ते ऐका. वीज बाहेरून एकाच वायरीनं येते. मीटर, मेन, मग बोर्डावरून खोलीखोलीत वेगळी लाईन. या खोलीतला पंखा त्या खोलीच्या बटणानं फिरत नाही. एका खोलीचा फ्यूज उडाला तर दुसरीकडे अंधार होत नाही. इंटरनेटचंही तसंच असणार, मी धरून चाललो. कोणाला विचारलं नाही. विचारायची मला सवय नाही, लोकच मला विचारायचे. कंपनीचा डबा जिन्यात बसवला, त्याला आठ तोंडांचा दुसरा छोटा डबा जोडला, आणि त्यातून तीन वायरी तीन खोल्यांत नेल्या. पट्टीतून, कोपऱ्याला काटकोन, एक खिळा वाकडा नाही. तिन्हीकडे इंटरनेट धावायला लागलं. तिकीटवाले मुद्दाम जिन्यात येऊन बघून गेले.

"चचा, क्या सफाई से मारे वायराँ. हमारे घर कू भी आ जाओ एक रोज."

बरेच महिने चाललं. मग एका सकाळी मी वकीलबाईच्या खोलीत स्टुलावर चढून ट्यूब बदलत होतो, आणि तिकीटवाले चार कागद घेऊन दारात आले.

"वकीलसाहब, आपके कागजाँ हमारे यहाँ छप रए. वो भी रंगीन में."

त्यांनी नवा प्रिंटर घेतला होता. तिच्या कॉम्प्युटरनं तो आपणहून शोधून काढला, आणि हिनं इथं बटण दाबलं ते कागद तिथं बाहेर पडले. तिनं कागद घेतले, टेबलावर पालथे ठेवले.

"आपने पढा?"

"तौबा. पहली लाईन पढा, पलटा दिया. अल्ला कसम."

ते हसत गेले. ती हसली नाही. कागद एका बाईच्या अर्जाचे होते, नवऱ्यानं तिचं काय काय केलं त्याचे. इंग्रजीत होते, मला वाचता आले नसते. पण या जिन्यात इंग्रजी वाचणारे पुष्कळ.

"काका, ती बाई माझ्याकडे बुरखा घालून येते," वकीलबाई म्हणाली. "मुसलमान नाही ती. मैत्रिणीचा मागून आणते, ओळखू येऊ नये म्हणून. तिच्या सासरचं दुकान याच बाजारात आहे. हा कागद तिकडे पोचला तर तिला घरात राहता येणार नाही."

मी स्टुलावरच होतो. "मग यात माझं काय?"

"तिघांचे कॉम्प्युटर एकमेकांना दिसतात. आठ दिवसांत तिन्ही ऑफिसं वेगळी करा. नाही जमलं तर मी खोली सोडते."

"प्रिंटर त्यांचा, बटण तुझं, आणि खोली सोडायची माझी?"

"वायर तुमची," ती म्हणाली आणि फाइल उघडून बसली.

मी उतरलो ते रागातच गुजराती गल्लीत गेलो. तिथं असल्या सामानाची दुकानं आहेत. दुकानदार माझ्या निम्म्या वयाचा. त्यानं राउटर म्हणजे काय ते सांगितलं: तो ऑफिसाच्या दारावरचा दरवान, आतल्याला बाहेर जाऊ देतो, बाहेरच्याला आत येऊ देत नाही. मला ते लगेच पटलं.

"कित्ते ऑफिसाँ हैं चचा?"

"तीन."

"तो तीन ले लेओ. हर एक कू अपना अपना."

"एक तो है घर में. कंपनी का."

"वो अलग बात है."

"क्या अलग? डब्बा डब्बा है."

तो काहीतरी समजावू लागला, तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं. मला वाटलं, म्हातारा बघून एक जास्त गळ्यात मारतोय. मी दोन घेतले. "आपकी मर्जी," तो म्हणाला आणि पिशवी दिली.

आता कोणाला कुठं जोडायचं? मला माझ्या उस्तादानं शिकवलं होतं की मेनपासून पहिला जो, त्याला करंट भरपूर. लाईनच्या टोकाला जो असतो त्याचा बल्ब पिवळा जळतो. म्हणून चांगल्या गिऱ्हाइकाला मी कायम मेनच्या जवळ घेतलं. इथंही तेच केलं. तिकीटवाल्यांना एक नवा डबा, फॉर्मवाल्याला एक नवा डबा, आणि वकीलबाईला थेट कंपनीच्या डब्यावर. मध्ये कोणी नाही. तिला मी पहिला नंबर दिला. माझ्या धंद्यात यापेक्षा मोठा मान नाही.

मग तिच्या खोलीत गेलो. म्हणालो, "शोध, कोणी दिसतं का."

तिनं बराच वेळ शोधलं. ना तिकीटवाल्यांचा प्रिंटर, ना फॉर्मवाल्याची मशीनं. "कोणी नाही, काका."

"झालं मग?"

"झालं."

तिनं चहा मागवला. अशिलाच्या खुर्चीत बसून मी तो सावकाश प्यायलो.

त्यानंतर काही दिवसांनी फॉर्मवाला दुपारच्या जेवणाआधी खाली माझ्या दाराशी आला. तो तेलुगू माणूस, गरीब स्वभावाचा, मला तातगारू म्हणतो, आजोबांना म्हणतात तसं. बोलतो हिंदीत.

"तातगारू, वकील मेडम का फोल्डर मेरे कॉम्प्युटर पे खुल रहा है. एक आदमी फॉर्म भरने आया था. फॉर्म छोडके वोइच पढते बैठा."

"उठाया उसको?"

"उठाया. कित्ता पढा, नै मालूम."

मी वर जाऊन बघितलं. तिच्या अशिलांची नावं एकाखाली एक, इंग्रजीत, आणि तो माऊस फिरवून दाखवत होता की प्रत्येक उघडतं. आणि मी काय केलं? त्याला म्हणालो, "मेडम कू अभी नक्को बोल. मैं कल तक ठीक करता."

"तातगारू, बोलना पडता. गलत है."

"घर मेरा है," मी म्हणालो.

तो भाडेकरू. मान खाली घालून आपल्या खुर्चीकडे वळला. मी आयुष्यभर घरमालकांच्या तोंडून हे वाक्य ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी मनात शिवी दिलीय.

सगळी दुपार मी जिन्यात घालवली. विजेचा झटका लागत असेल तर लीक शोधायचा, सांधा शोधायचा, एवढं मला येतं. मी एकेक सांधा उघडून पाहिला. पिना परत दाबल्या. डबे बंद करून चालू केले. कुठं काही सुटलेलं नाही. वायर चोख होती आणि काम खोटं होतं, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. त्या डब्यांवर हिरवे दिवे लुकलुकत होते, जणू सगळं ठीक आहे. मला ते पक्कडीनं फोडावेसे वाटले. मध्येच वकीलबाई कोर्टातून आली, शिडीला वळसा घालून वर गेली. मी तिला म्हणालो, "कशी आहेस पोरी?" ती म्हणाली, "बरी आहे काका." तिच्या मागून बुरख्यातली बाई वर गेली. मी शिडी जरा बाजूला घेऊन तिला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्मवाल्यानं तिला सांगितलंच. त्यानं चांगलं केलं. त्या वेळी मात्र मला त्याचाही राग आला.

ती खाली आली. नेहमी आत येऊन बसायची, त्या दिवशी दारातच थांबली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल."

"काल किती वाजता?"

"जेवायच्या आधी."

"काल दुपारी ती माझ्यासमोर बसली होती. तुम्ही तिला जिन्यात वाट दिलीत. आणि मी तिला सांगत होते, ताई, इथून काही बाहेर जात नाही."

मी म्हणालो, "मी दुरुस्त करतच होतो."

ती दारातूनच मागे फिरली.

त्याच दिवशी तो इंजिनीअर आला. वकीलबाईनं बोलावलेला, तिच्या मैत्रिणीचा नवरा, पुण्याचा, इकडे मोठ्या कंपनीत. स्वच्छ शर्ट, स्वच्छ मराठी. त्यानं वर बघितलं आणि विचारलं, "हे कोणी केलंय?"

"मी."

"अच्छा. काम सुबक आहे हो आजोबा. पण..."

फॉर्मवाला आजोबा म्हणतो ते त्याच्या भाषेत, आणि वर्षानुवर्षांच्या ओळखीनं. याची ओळख दोन मिनिटांची. मी म्हणालो, "मी तुझा आजोबा नाही. काका म्हण, नाहीतर काही म्हणू नको."

"सॉरी काका." त्याला राग आला नाही, त्यानं माझा राग आणखी वाढला. तो जिन्याच्या पायरीवर बसला, एका पाकिटाच्या पाठीवर चित्र काढायला लागला. "लिहून नको, काढूनच दाखव," मी म्हणालो. चित्र मला वाचता येतं.

"हा कंपनीचा डबा. ही समजा घराची ओसरी," तो म्हणाला. "तिकीटवाले आणि फॉर्मवाले यांना तुम्ही ओसरीच्या आत एकेक खोली दिलीत. दाराला कडी आतून. त्यांना ओसरीवर येता येतं, ओसरीवरच्याला त्यांच्या खोलीत जाता येत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"आणि वकीलबाईंना तुम्ही ओसरीवर बसवलंत. त्यांना खोलीच नाही. बाकीचे दोघं बाहेर पडताना त्यांच्याच पुढ्यातून जातात."

"मी तपासलं होतं. तिच्या मशीनवर कोणी दिसत नव्हतं."

"दिसणार नाहीच. ओसरीवरून बंद खोलीतलं दिसत नाही. खोलीतून ओसरी दिसते. तुम्ही एकाच बाजूनं तपासलंत, काका."

त्याचं बोलून होण्याआधीच मला कळलं होतं. माझ्या बापाला गावात कोणाच्या ओसरीवर पाय ठेवता येत नव्हता. काम सांगायला बोलावलं तरी अंगणात उन्हात उभा राहायचा. आणि आमच्यातली ही पोरगी वकील झाली, तिला मी माझ्या हातांनी उघड्यावर बसवलं, वर तोच मान समजून चहा प्यायलो. त्या इंजिनीअरला यातलं काही ठाऊक नव्हतं, तो आपला रेघा ओढत होता. त्याच्यावर चिडायचं कारण नव्हतं. मी चिडलो.

तो शिडीकडे वळला. "दहा मिनिटांचं काम आहे, मी करून देतो."

"हात लावू नको."

"काका, वाईट वाटून घेऊ नका..."

"तिसरा डबा पाहिजे, एवढंच ना?"

"एवढंच. तिघांना तीन. आणि कंपनीच्या डब्यावर कोणाचंच मशीन नको, त्याचं वायफायही बंद. ओसरी रिकामी ठेवायची."

"कळलं मला."

गुजराती गल्लीतल्या दुकानदारानं मला ओळखलं. "तीसरा?" एवढंच म्हणाला आणि डबा काउंटरवर ठेवला. हसला असता तर मी भांडलो असतो. तो हसला नाही.

मी एकट्यानं बसवला. कोणाला शिडी धरू दिली नाही. या वेळी पहिल्या खोलीतून बाकीची दोघं दिसतात का, मधलीतून दोघं, शेवटचीतून दोघं, असं उलटसुलट सगळीकडून तपासायला लावलं. इंजिनीअर फॉर्मवाल्याच्या खुर्चीत बसून वकीलबाईचं फोल्डर शोधत राहिला, मी त्याच्या मागेच उभा. नाही सापडलं. परत शोधायला लावलं. नाही सापडलं.

तिकीटवाले दारातून म्हणाले, "चचा, अब हमारा भी कुछ नै दिखता ना किसी कू? शुकर है. हमारा वजन घटाने का चार्ट उसीच में था."

"वो तो तुमको देख के भी मालूम पडता," फॉर्मवाला म्हणाला. दोघं हसले. वकीलबाई तिच्या दारात उभी होती.

"काका, माझ्या डब्याचा पासवर्ड कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे. वहीत लिहिलाय."

लिहिलाय म्हणजे एकेक इंग्रजी अक्षर बघून काढलंय. तिन्ही डब्यांना एकच दिला होता, मला तेवढाच काढता येतो म्हणून.

"ते पान द्या."

मी खाली जाऊन वही आणली आणि तिच्यासमोर पान फाडलं. ती आत जाऊन बसली, कॉम्प्युटरचं तोंड भिंतीकडे वळवलं आणि नवा पासवर्ड घातला. मी उंबऱ्याबाहेर होतो.

"उद्या लाईन बंद पडली तर?" मी विचारलं. "अडीअडचणीला माझ्याकडे एक नसावा का?"

"नसावा."

घर माझं आहे, हे ओठापर्यंत आलं होतं. शेजारी फॉर्मवाला उभा होता. मी गिळलं.

तिनं काम संपवून माझ्याकडे बघितलं. "वायर चुकली त्याचं मला काही नाही, काका. कोर्टात मीही चुकते. काल तुम्ही जिन्यात मला कशी आहेस विचारलंत, आणि मला वर जाऊ दिलंत. ते मला कळत नाही."

"मला वाटलं, कळायच्या आत दुरुस्त होईल."

"तिला मी सगळं सांगणार आहे. बुधवारी येईल ती. दुसऱ्या वकिलाकडे जाते म्हणाली तर तिचे कागद तिच्या हातात देईन. अडवणार नाही." थोडं थांबून म्हणाली, "आणि ती गेली तर मीही इथं राहणार नाही."

बुधवारी मी कुठंही गेलो नाही. अफझलगंजला एका जुन्या गिऱ्हाइकाकडे जायचं होतं, त्याला फोन करून नाही म्हटलं. दारात खुर्ची टाकून बसलो. ती आली, बुरख्यात, हात मोकळे. वर गेली. दार लागल्याचा आवाज आला. वर पंखा फिरतोय हे खालून ऐकू येतं, बोलणं येत नाही. एकदा कोणीतरी मोठ्यानं बोललं, वकीलबाई नव्हती. माझा राग तेव्हा सगळ्यांवर होता. पुण्याच्या पोरावर, दुकानदारानं मला खडसावून तिसरा डबा विकला नाही म्हणून त्याच्यावर, हिरव्या दिव्यांवर. स्वतःवर होता की नाही ते मी कोणाला सांगणार नाही.

मग ती जिना उतरली. मी खुर्चीतून उठलो. माझ्यासमोरून जाताना ती थांबली नाही, बुरख्यातून माझ्याकडे बघितलं की नाही तेही कळलं नाही. मी फक्त तिचे हात बघितले. रिकामे होते. कागद वरच राहिले होते.

वकीलबाई खाली येऊन काही सांगेल असं मला वाटलं. संध्याकाळी ती आली, कोट हातावर टाकून, "येते काका," म्हणाली आणि बस पकडायला निघून गेली. त्यापलीकडे तिनं आजपर्यंत काही सांगितलेलं नाही, आणि मीही विचारलेलं नाही. तिच्या खोलीत काही बिघडलं तर ती दारातून हाक मारते. मी टेस्टर घेऊन वर जातो, ती या म्हणेपर्यंत बाहेर थांबतो.